पाव मात्रा उशिरा

शुक्रवार, मध्यरात्र उलटून गेल्यावर

दोनदा अंघोळ केली तरी नखांतला कोळसा निघालेला नाही. झोप येईना म्हणून लिहायला बसले, तर वहीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. असू दे.

आजचा प्रयोग पन्नास मिनिटांचा होता. एक नर्तकी, एक चेलोवाला, एक तालवाद्यं वाजवणारी आणि मी. प्रेक्षक तीन बाजूंना, चौथ्या बाजूला पांढरी भिंत. मी भिंतीकडे पाठ करून जमिनीवर बसलेली, समोर प्लायवर ताणलेला कागद. डोक्यावर कॅमेरा. मी जे काढीन ते तो टिपणार आणि प्रोजेक्टर ते भिंतीवर मोठं करून टाकणार. नर्तकी त्या भिंतीपुढे, त्याच उजेडात.

शिवाय प्लायच्या पाठीला दोन काँटॅक्ट माइक चिकटवलेले. हे माइक हवेतलं फारसं काही ऐकत नाहीत, ज्या वस्तूला चिकटवाल तिची थरथर पकडतात. त्यामुळे रेघ ऐकू येते. मऊ कोळसा कुजबुजतो, दाबून केलेली कडक कांडी खरवडते, आणि खोडरबर म्हणजे ओल्या बुटांनी फरशीवरून चालणं. पंधरा-सोळा वर्षं चित्रं काढतेय, पण माझ्या हाताला आवाज आहे हे मला तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा कळलं. पहिल्या दिवशी इतकी लाजले की अर्धा तास नुसते ठिपके देत बसले.

सुरुवातीचे पंधरा दिवस तर शिट्टीतच गेले. नर्तकीने उडी मारली की जमीन हलायची, जमिनीबरोबर प्लाय, प्लायबरोबर माइक, मग स्पीकरमधून ढम्म, आणि त्या ढम्मने प्लाय पुन्हा हलायचा. हे चक्र एकदा सुरू झालं की कुणाचंच ऐकायचं नाही. शेवटी प्लायखाली जाड फोम घातला, खालचे सूर मिक्सरवर कापले, आणि ते भूत गेलं.

उशिराचं भूत मात्र गेलं नाही. ते आधी सापडलं तालवालीला. तालीम चालू असताना हात थांबवून ती म्हणाली, "तुझी रेघ आडात चाललीये गं." मला वाटलं माझाच हात मागे पडतोय. मी घाई केली, तर आणखी बिघडलं. मग आमच्या तंत्रज्ञाने एक साधी युक्ती केली. कॅमेऱ्याखाली मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून ठेवलं आणि दुसऱ्या मोबाइलने एकच फोटो काढला, ज्यात खरं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ दोन्ही येतील. दोघांत फरक १४० मिलिसेकंदांचा. कॅमेरा चौकट टिपणार, कॉम्प्युटर ती भिंतीच्या मापात बसवणार, प्रोजेक्टर आपल्या सवडीने तिचा उजेड करणार. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा वेळ सांडतो.

तालवालीने तिथल्या तिथे हिशेब केला. आमची मधल्या भागाची लय मिनिटाला १०० मात्रांची, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. १४० म्हणजे जवळजवळ पाव मात्रा. "तू चौपटीत एक घर मागे आहेस," ती म्हणाली आणि तसं वाजवूनही दाखवलं. ऐकल्यावर मला पहिल्यांदा ती गोष्ट आकड्याबाहेर कळली.

मजा अशी की आवाजाला हा उशीर नव्हता. माइकमधून स्पीकरमध्ये तो लगेच जायचा, आणि तिथून दहा मीटरवरच्या प्रेक्षकापर्यंत पोचायला त्याला जेमतेम तीस मिलिसेकंद लागायचे. म्हणजे लोकांना आधी खरखर ऐकू येणार, मग रेघ दिसणार. आधी गडगडाट आणि मग वीज.

तंत्रज्ञ म्हणाला, सोपं आहे, आवाजही तेवढाच मागे ढकलू. असंच करतात. पण माझा कोळसा मागे ढकलता येतो, चेलो कसा ढकलणार? तो तर समोर, लाकडातून वाजतोय. कोळसा चित्राशी जुळवला की चेलोशी तुटतो, चेलोशी जुळवला की चित्राशी. दोन दिवस आम्ही वाद घातला. मग नर्तकी म्हणाली, राहू दे तसंच, मी आवाजावर नाचते. तिने आवाज ऐकून हात उचलला, आणि भिंतीवरची रेघ तिच्या हातामागून आली. बघणाऱ्याला वाटावं की हीच काढतेय. तिची सावली मात्र भिंतीवर अगदी वेळेवर पडायची. सावलीला कॅमेरा लागत नाही ना. एकाच भिंतीवर, एकाच दिव्याच्या उजेडात, सावली आत्ताची आणि रेघ मघाची. मी हे तालमीत एकदाच, माझ्या जागी दुसऱ्याला बसवून पाहिलं. आज तर पाठच होती.

तेव्हापासून जुन्या प्रयोगांबद्दल वाचताना माझी नजर एकाच गोष्टीवर जाते, की यांनी एकमेकांशी जुळवण्याचं काय केलं? अमेरिकेतले नृत्यकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तो प्रश्नच निकालात काढला होता. नाच आणि संगीत एका वेळी, एका जागी घडतील, एवढाच करार. नर्तक स्टॉपवॉचवर तालीम करायचे आणि संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच त्यांच्या कानावर पडायचं. मग १९६५ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हेरिएशन्स ५’ करताना त्यांनी दुसरं टोक गाठलं. मंचावर अँटेना आणि प्रकाश ओळखणारे सेल लावले, म्हणजे नर्तक जवळून गेला की आवाजावर परिणाम व्हायचा. त्या अँटेना सिंथेसायझरवाल्या रॉबर्ट मूगने बनवलेल्या. शिवाय व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकची दूरचित्रवाणीवरची दृश्यं होती आणि चित्रपटकार स्टॅन व्हॅनडरबीकच्या फिल्म. आमच्या दोन चिकटवलेल्या माइकांचं हे खूप थोरलं भावंड.

आपल्याकडच्या विष्णुधर्मोत्तर पुराणात राजा वज्र मूर्ती घडवायला शिकायचं म्हणून मार्कंडेयांकडे जातो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र कळलं पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. राजाला एक हवं होतं आणि मागे रांग लागली. पूर्वी मला ही गोष्ट पाठ्यपुस्तकी वाटायची. आता वाटते ती कुणा वैतागलेल्या शिक्षकाने लिहिल्यासारखी.

एक सांगून टाकते, कारण वही माझी आहे. गाणं चालू असताना फटाफट रंग फेकायचे आणि शेवटच्या आलापाला कॅनव्हास उलटा करून चेहरा दाखवायचा, हा प्रकार मला सोसत नाही. हात तयार लागतो, नाकारत नाही. पण तिथे गाणं चित्राची वाट बघत असतं आणि चित्र टाळ्यांची. मध्ये काही घडायला जागाच उरत नाही.

तीन वाजले. आजचं राहिलंच लिहायचं. उद्या.

शनिवार, दुपार

शेवटची आठ मिनिटं नर्तकी कागदावर येते. तोवर माझा पूर्ण काळा झालेला असतो. मी बाजूला सरकते आणि तिचे पाय काढू लागतात, पुसू लागतात. पायाने रंगवणं नवं नाही. जपानचा काझुओ शिरागा दोरीला लटकून पायांनी रंगवायचा, आणि अमेरिकेतली नर्तकी त्रिशा ब्राउन पायाच्या बोटांत कोळसा धरून रेखाटायची. पण काल मी फूटभर अंतरावर होते. कोळशाच्या भुकटीवरून टाच फिरताना कागद आधी चमकतो, मग त्याला बारीक लव उठते, मग तो फाटतो. फाटतानाचा आवाज स्पीकरमधून आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पाय मागे घेतले. आम्ही यातलं काहीच बसवलं नव्हतं. तालमीत कागद कधी फाटला नव्हता, कारण तालमीत आम्ही काटकसर करून जाड, खरखरीत रद्दी कागद वापरत होतो. पहिल्या प्रयोगासाठी म्हणून चांगला कागद आणला, आणि चांगला कागद नाजूक निघाला.

आज सकाळी चौघं बसलो. मी म्हटलं, मधल्या भागात मी तुझ्या मागून येत होते ना, ते छान जमलं. नर्तकी चकित. "मी तुझ्या मागून येत होते!" मला तिचे फक्त पाय दिसत होते आणि तिला फक्त माझा आवाज. दोघी एकमेकींचं बोट धरून चाललो होतो म्हणायचं, किंवा कुणीच कुणाचं धरलं नव्हतं. चेलोवाला म्हणाला, मी सगळा वेळ डोळे मिटून होतो, कागद फाटला हेही मला आत्ता कळतंय. त्याला तो आवाज तालवालीचा वाटला होता, म्हणून त्याने खालच्या तारेवर उत्तर दिलं! आणि तालवालीने सांगितलं की शेवटच्या भागात तिने मुद्दाम खऱ्या पायांकडे न बघता भिंतीवरच्या पायांना साथ केली. म्हणजे पाय पडायचा आत्ता आणि थाप पडायची पाव मात्रेने. मी तेव्हा तिच्यावर मनातल्या मनात चिडले होते. वाटलं, आज हिला झालंय काय.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये केजने असाच एक कार्यक्रम केला होता. कनिंगहॅम नाचला, डेव्हिड ट्यूडर पियानोवर होता, वर चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गची पांढरी चित्रं टांगलेली. हजर असलेल्यांच्या आठवणी पुढे एकमेकींशी जुळल्याच नाहीत. मला वाटायचं, काळ गेला म्हणून तसं झालं असेल. आमच्या चौघांत मध्ये फक्त एक रात्र गेली होती.

कागद गुंडाळून कोपऱ्यात उभा आहे. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, मारू की नको, ठरत नाही. मारलं तर ते चित्र होईल, आणि चित्र म्हणून ते मला फारसं आवडलेलं नाही.

मंगळवार

चित्रीकरण आलं. चहूबाजूंनी नव्हे, मागच्या रांगेतल्या एकाच कॅमेऱ्याचं, म्हणून अपेक्षा बेताची होती. पण मला तर प्रयोग पहिल्यांदाच समोरून बघायचा होता. दार लावून, दिवा घालवून बसले.

भिंतीवर रेघ उमटली आणि नेमक्या त्याच क्षणी खरखर आली. पुढची रेघ, पुन्हा तेच. अगदी काटेकोर. मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. मग चित्रीकरण करणाऱ्याने सोबत पाठवलेला निरोप नीट वाचला. आवाज आणि चित्र थोडं मागेपुढे होतं, एडिटमध्ये दुरुस्त करून दिलंय. बिचाऱ्याने आपणहून, भलेपणाने केलेलं काम.

आता भिंत आणि कोळसा घट्ट जुळलेत. नर्तकीचा हात मात्र आवाजाच्या आधी उठतो, तिची टाच ठोक्याच्या आधी पडते, आणि डाव्या कोपऱ्यात चेलोवाल्याचा गज पाव मात्रा आधी हलतो आणि सूर मागून येतो. शेवटी, भिंतीकडे बघून दिलेली तालवालीची थाप तर भिंतीच्याही पाव मात्रा मागे पडलीये.

मूळ फाइल पुसली नसली तर पाठव, असं त्याला लिहिलंय. अजून उत्तर नाही.