फ्रीजला पाण्याची लाईन जोडताय? आधी कॉक कुठे बसवणार ते ठरवा

गेल्या आठवड्यात सिंकखालचं कपाट साफ करायला घेतलं, सगळं सामान बाहेर काढलं आणि मागच्या कोपऱ्यात हात टेकला तर प्लाय चक्क दबलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं मऊ झालेलं. टॉर्च मारून बघितलं तेव्हा दिसलं की फ्रीजला, म्हणजे त्यातल्या बर्फ बनवायच्या यंत्राला आणि पाण्याच्या डिस्पेन्सरला (दारातल्या नळाला), पाणी नेणारी बारीक नळी जिथून निघते ना, तिथल्या छोट्या कॉकच्या दांडीखाली एक थेंब लटकलाय, हळूहळू फुगतोय, मग नळीवरून ओघळत मागे जातोय आणि भिंत आणि प्लाय यांच्या फटीत गायब होतोय. मी मोजलं, साधारण ५ सेकंदाला एक थेंब. ऐकायला काहीच वाटत नाही पण २० थेंबांचा साधारण १ मिली धरला तर दिवसाला जवळपास ८५० मिली होतं, म्हणजे रोज एक बाटलीभर पाणी त्या कपाटाच्या मागे मुरत होतं, आणि किती दिवस ते देव जाणे.

बरं, लगेच कॉक बंद करावा तर तो बंदच होईना. फिरवला, पूर्ण घट्ट झाला, तरी थेंब चालूच आणि फ्रीजला पाणीही जातंच. शेवटी घराची मेन लाईन बंद करून बसलो रात्रभर.

दोन वर्षांपूर्वी फ्रीज घेतला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने दहा मिनिटांत लाईन जोडून दिली होती आणि आम्हाला तेव्हा भारीच वाटलं होतं. त्याने वापरला होता सॅडल व्हॉल्व्ह. हा प्रकार ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, चालू पाईपला एक पट्टा आवळतात, पट्ट्यात एक सुई असते, दांडी फिरवली की ती सुई पाईपला भोक पाडते आणि मग उलटी फिरवली की त्या भोकातून पाणी नळीत येतं. पाईप कापायला नको, टी (लाईनला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड) बसवायला नको, म्हणून काम झटपट होतं. पण भोक इतकं बारीक असतं की पाण्यातले क्षार आणि गंज त्यात साचत जातात, सुई परत नीट बसत नाही, आणि दांडीच्या नटातलं पॅकिंग सुकलं की गळती. पुस्तिका आम्ही तेव्हा वाचलीच नव्हती, आता वाचली तर त्यात स्पष्ट लिहिलंय की सॅडल व्हॉल्व्ह वापरू नका. बऱ्याच कंपन्या हेच लिहितात. मला मनापासून वाटतं की ज्या कॉकवर घराची फरशी आणि फर्निचर अवलंबून आहे तो कॉक गरज पडल्यावर बंद झालाच पाहिजे, बाकी सगळं नंतर.

म्हणून आता नव्याने सगळं केलं, आणि या वेळी मी आणि बाबा दोघं प्लंबरकाकांच्या शेजारी बसून होतो. सिंकच्या थंड पाण्याच्या अँगल कॉकवर एक टी बसवली, टीच्या एका तोंडाला नळाचं जुनं कनेक्शन आणि दुसऱ्या तोंडाला पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह, त्यातून फ्रीजची लाईन. दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, लांबून बघूनही कळतं. तो मुद्दाम कपाटाच्या पुढच्या बाजूला घेतला, फ्रीजच्या मागे नाही, कारण पाणी वाहायला लागलं की एवढा जड फ्रीज ओढत कोण बसणार. आईलाही खाली न वाकता हात पोचतो.

लाईन थंड पाण्याचीच घ्यायची, आणि पिण्याच्याच पाण्याची. फ्रीजमध्ये फिल्टर असतो म्हणून कुठलंही पाणी चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, पण तो बहुतेक वेळा कार्बनचा फिल्टर असतो, क्लोरीनचा वास, चव, थोडी गाळ-माती एवढं काम तो करतो. जे पाणी तुम्ही नळाखाली ग्लास धरून पिणार नाही ते तो पिण्यालायक करून देईल असं अजिबात धरू नका.

नळीचं आता. पाव इंची, म्हणजे बाहेरून साधारण ६.३५ मिलिमीटर. साधी प्लास्टिकची नळी स्वस्त आणि कापायला सोपी, पण वर्षानुवर्षं कॉम्प्रेसरच्या उष्णतेजवळ राहून ती कडक होते, तडकते, आणि घरात उंदीर येत असतील तर ती कुरतडली जाण्याची भीती वेगळीच. तांब्याची टिकते पण एकदा मुडपली की मुडपली, तिथे पाणी अडतं आणि परत सरळ करायला गेलं तर चीर जाते. आम्ही स्टीलची जाळी विणलेली लवचिक नळी घेतली, तीही एका अखंड लांबीची, मध्ये जोड नको म्हणून. आणि फ्रीजच्या मागे दोनेक मीटरचं मोठं वेटोळं सोडलं. हे वेटोळं अनेक जण देत नाहीत, नळी मापात कापतात, मग साफसफाईला फ्रीज पुढे ओढला की पहिला ताण त्या जोडावर येतो.

जोडाचं मला सगळ्यात जास्त आवडलं खरं तर, म्हणजे ते कसं चालतं ते. कॉकच्या तोंडाला कॉम्प्रेशन फिटिंग आहे, त्यात नट असतो आणि आत एक छोटी पितळी रिंग, फेरूल म्हणतात तिला. नट आवळला की ती रिंग दबते आणि बसते, पाणी तिथे अडतं, आट्यांवर नाही. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायचीच नाही, मी आपली टेप हातात घेऊन तयार होते तर काकांनी बाजूला ठेवायला लावली. टीच्या आणि कॉकच्या आट्यांना मात्र टेप हवी, कारण तिथे सील आट्यांवरच होतं. (वॉशरवाला नट असेल तर तिथेही टेप नको, वॉशर पुरतो.) नट आधी हाताने जेवढा जाईल तेवढा घट्ट करायचा, मग पान्याने अर्धा ते एक फेरा, बस. एका हाताने पाना नटावर आणि दुसऱ्या पान्याने कॉकचं अंग धरून ठेवायचं, नाहीतर सगळी फिटिंगच फिरते आणि मागचा जोड सैल होतो. जास्त आवळलं की रिंग चेपते आणि मग तो जोड कधीच नीट बसत नाही. तुमच्या फ्रीजच्या बाजूला पुश फिटिंग असेल तर नळी अगदी काटकोनात कापलेली हवी, तिरकी किंवा कात्रीने चेपलेली नको, आत शेवटपर्यंत ढकलायची आणि मग मागे ओढून बघायची, निघाली नाही पाहिजे.

फ्रीजला नळी लावायच्या आधी तिचं दुसरं टोक बादलीत सोडून तीन-चार लिटर पाणी वाहू दिलं. पहिल्या पाण्यात पितळेचा बारीक चुरा आणि टेपचे दोन पांढरे तुकडे आले. हेच जर फ्रीजच्या इनलेटमध्ये गेलं असतं तर तिथली बारीक जाळी तुंबली असती आणि आम्ही महिनाभर फ्रीजलाच नावं ठेवत बसलो असतो.

आता प्रेशर, ज्याबद्दल कुणी बोलतच नाही. आमचा बर्फ पहिल्यापासून पोकळ यायचा, वरून पातळ पापुद्रा आणि आत खळगा, आणि आकारही लहान. आम्हाला वाटायचं या मॉडेलचा असाच येतो. आता गेज लावून बघितलं तर १२-१३ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक). आमच्या फ्रीजला किमान २० लागतं, जास्तीत जास्त १२० चालतं, हेही त्याच न वाचलेल्या पुस्तिकेत. कारण सरळ आहे, आमच्याकडे पाणी वरच्या टाकीतून येतं आणि टाकीतलं पाणी नळापासून साधारण ९ मीटर वर आहे, १० मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर साधारण १४ पीएसआय होतं, म्हणजे नुसत्या उंचीवर २० गाठायचं तर टाकी १४ मीटर वर हवी. सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर ४ पीएसआयच्या आसपास मिळतं, आणि त्यात फिल्टर अजून कमी करतो.

कमी प्रेशरने होतं काय, तर बऱ्याच फ्रीजमध्ये बर्फाच्या साच्यात पाणी मोजून सोडत नाहीत, ठरलेला वेळ सोडतात, काही सेकंद व्हॉल्व्ह उघडा आणि मग बंद. तेवढ्या सेकंदात प्रेशर कमी असेल तर साचा अर्धाच भरतो. इथपर्यंत ठीक आहे, लहान बर्फाने कुणाचं काही बिघडत नाही. पण खरा त्रास पुढे आहे. फ्रीजच्या मागे जो विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो त्यात एक रबरी पडदा असतो आणि वीज बंद झाली की पाण्याचं स्वतःचं प्रेशरच त्या पडद्याला दाबून बसवतं. प्रेशर कमी असेल तर पडदा पूर्ण बसत नाही, पाणी थेंब थेंब चालूच राहतं, ते थेंब फ्रीझरमध्ये जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोठतात, मग ती नळी बर्फाने बंद होते आणि बर्फ यायचाच थांबतो. आमच्याकडे गेल्या वर्षी दोनदा असं झालं होतं, दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याने गरम पाण्याने नळी मोकळी करून दिली आणि गेला, प्रेशर कुणीच मोजलं नाही. मला याचा अजूनही राग येतो, कारण गेज लावायला पाच मिनिटं लागतात.

गेज नसेल तरी एक सोपी चाचणी आहे, आमच्या पुस्तिकेत दिलीय. फ्रीजच्या डिस्पेन्सरखाली मापाचा कप धरा, १० सेकंदांत १७० मिली आलं तर प्रेशर बरं आहे. आमचं अर्धा कपही भरत नव्हता. आता लाईनवर प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप बसवलाय, फ्रीजने पाणी घेतलं की चालू होतो, लाईन भरली की आपोआप बंद. गेजवर ४० च्या वर दिसतं आणि बर्फ पहिल्यांदा भरीव आला.

ज्यांच्याकडे आरओ आहे आणि तिथूनच लाईन घ्यायचीय त्यांनी हे जास्तच बघा, कारण आरओच्या टाकीतून निघणारं पाणी मंद असतं. त्यात फ्रीजचा स्वतःचा फिल्टरही मध्ये असेल तर प्रेशर दुहेरी मार खातं, अशा वेळी फ्रीजचा फिल्टर काढून त्या जागी कंपनीचा बायपास प्लग लावता येतो, पाणी आधीच गाळलेलं असतं. आणि आरओच्या पाण्याला तांब्याची नळी लावू नका, त्यात क्षार फार कमी असल्याने ते तांब्याला हळूहळू खातं.

जोडून झाल्यावर थोडा धीर धरावा लागतो. नवीन फिल्टरमधून आधी काळसर पाणी येतं, ती कार्बनची भुकटी, १२-१५ लिटर पाणी तसंच सोडून दिलं तेव्हा ते नितळ झालं, मध्ये मध्ये हवा निघताना फसफसत होतं तेही थांबलं. पहिला बर्फ पडायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, साचा पुरेसा गार झाल्याशिवाय यंत्र पाणी घेतच नाही, आणि पहिल्या एक-दोन खेपांचा बर्फ टाकून द्यायचा.

फ्रीज मागे ढकलताना बाबा बाजूने टॉर्च धरून उभे होते, वेटोळं चाकाखाली येत नाही ना आणि नळी भिंतीशी मुडपत नाही ना ते बघायला. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला, तासाभराने बघितला, रात्री झोपताना बघितला, दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला. हाताने चाचपून कळत नाही, गार पाईपला दमट हवेचा घाम येतोच, पण टिश्यूवर थेंबाचा गोल डाग स्पष्ट दिसतो. एका जोडाखाली दुसऱ्या दिवशी मोहरीएवढा डाग होता, नट पाव फेरा आवळला, मग कोरडा.

कॉकच्या दांडीला एक कागदी टॅग बांधलाय, त्यावर "फ्रीजचं पाणी" आणि फिल्टर बदलल्याची तारीख, सहा महिन्यांनी परत बदलायचाय. घरातल्या प्रत्येकाकडून एकदा तो कॉक बंद-चालू करून घेतला, आईकडून दोनदा. चार दिवस बाहेर जाणार असू तर आता तो आडवा करून आणि बर्फ बनवायचा स्विच बंद करून निघायचं असं ठरलंय, नाहीतर यंत्र कोरडंच पाणी मागत बसतं.

खालचं प्लाय मात्र अजून बदललेलं नाही. सुतार म्हणाला आधी भिंत पूर्ण वाळू दे, तोवर नवीन फळी टाकू नका, म्हणून कपाटाची दारं उघडीच ठेवलीयत आणि समोर टेबल फॅन लावलाय. आज सातवा दिवस, कोपऱ्यातला ओलाव्याचा डाग कडेकडेने फिका होत चाललाय पण मध्ये अजून गार लागतं हाताला.