आमची वाटचाल : पॉइंट घासण्यापासून डबी बनवण्यापर्यंत

माझे वडील किर्लोस्करवाडीला टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांनी सांगली-मिरज रस्त्याला एक लहानसा गाळा घेतला. एक लेथ, एक ग्राइंडर आणि मॅग्नेट (इंजिनाचं चुंबकाचं चाक) काढायचे तीन-चार पुलर, एवढीच सामग्री. गाळ्यात येणारी बहुतेक इंजिनं फवारणीच्या पंपांची आणि नदीकाठच्या पाण्याच्या पंपांची असत. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर घ्यायची. बाकी स्कूटरी.

मी शाळेतून आलो की माझ्याकडे एकच काम असे, पॉइंट घासायचे. पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून उघडझाप करणारा छोटा स्विच. मॅग्नेट काढायचं, कानशीवर नाही तर पॉलिश पेपरवर पॉइंट साफ करायचा, फिलर गेजनं गॅप लावायचा आणि परत बसवायचं. पॉइंटची फायबरची टाच क्रँकच्या कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं पडतं. क्रँकचं ऑईल सील गेलं असेल तर पॉइंटवर तेल येऊन तो काळा पडतो. म्हणजे आज लावलेला गॅप महिन्याभरानं तसाच राहील, याची खात्री कुणीच देऊ शकत नसे.

आणि कंडेन्सर. तासगाव, पलूसकडचे बागायतदार यायचे त्यांची तक्रार ठरलेली असायची. इंजिन थंड असताना झकास चालतं, अर्ध्या तासानं बंद पडतं, थंड झालं की पुन्हा चालू. गरम झाला की दगा देणारा कंडेन्सर हाच तो आजार. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आहे, रात्री पाऊस झाला आहे, घडांवर डाऊनी (केवडा रोग) यायच्या आत औषध पडलं पाहिजे आणि निम्म्या बागेत पंप बंद. पलूसचे एक काका सायकलच्या कॅरिअरला अख्खं मॅग्नेट बांधून पहाटे आमच्या दारात बसले होते. नवा कंडेन्सर टाकून दिला, पण त्यांची सकाळ गेली ती गेलीच. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. या पॉइंटला पर्याय काढायचाच हे त्या दिवशी पक्कं झालं.

तत्त्व अवघड नाही. मॅग्नेट फिरतं तेव्हा कॉइलच्या प्रायमरीत (जाड तारेच्या वेढ्यांत) करंट तयार होतो. पॉइंट उघडला की तो करंट तुटतो आणि सेकंडरीतून (बारीक तारेच्या वेढ्यांतून) प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटवर ठिणगी उडून तो जळू नये म्हणून कंडेन्सर. आम्ही पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घातला. करंट चढेपर्यंत तो चालू राहतो, शिखरावर आला की तोडतो. बॅटरी लागत नाही, घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही.

ट्रान्झिस्टर भरलेल्या अशा पहिल्या ४० डब्या केल्या. मिस्त्री लोकांनीच डबी हे नाव पाडलं आणि तेच टिकलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्याच हंगामात परत आल्या. मी डबी मॅग्नेटच्या आत, पॉइंटच्या जागेवरच बसवली होती. गाळ्यात १० मिनिटं चालवून बघितलं, बागेत मात्र इंजिन ४ तास सलग चालतं. आतल्या उष्णतेनं ट्रान्झिस्टर गेले. सगळ्यांचे पैसे परत दिले. वडिलांनी त्या वेळी लेथवर जास्तीची कामं घेऊन घर चालवलं, हे मला विसरता येत नाही. त्यानंतर डबी बाहेर आली, सिलिंडरपासून लांब, वारा लागेल अशी. आणि आजही प्रत्येक नव्या लॉटमधल्या काही डब्या आम्ही गरम तेलाच्या भांड्यात बुडवून, मोटरवर मॅग्नेट फिरवत ४ तास ठिणगी पाडत ठेवतो.

दुसरी अडचण कळायला वर्ष गेलं. काही इंजिनांवर डबी उत्तम, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनावर ठिणगी मरतुकडी. कारण मॅग्नेट. कुठल्या मॅग्नेटमध्ये उत्तर ध्रुव आधी येतो, कुठल्यात दक्षिण. पॉइंटला त्यानं फरक पडत नाही, ट्रान्झिस्टरला पडतो. प्रायमरीची टोकं उलटी करावीत तर एक टोक कोअरला (लोखंडी गाभ्याला) पक्कं अर्थ केलेलं. म्हणून आम्ही डबीचे दोन प्रकार केले, लाल आणि निळा. कुठली लावायची हे बघायला टेबलावर होकायंत्र ठेवलं. मॅग्नेट शेजारून फिरवायचं आणि सुई बघायची. टायमिंगही नव्यानं लावावं लागतं. ते पुढं गेलं तर रॉकेलवर इंजिन लगेच ठोकायला लागतं.

पण खरी लढाई मिस्त्रींच्या मनाशी होती. पॉइंट डोळ्यांना दिसतो, घासता येतो. काळ्या एपॉक्सीत भरलेली डबी उघडता येत नाही. "बंद पडली तर मी काय करू?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण शेतात गिऱ्हाईक त्यांच्यासमोर उभं असतं. त्यावर आम्ही पॉइंट-कंडेन्सर आतच ठेवायला लागलो. फक्त कॉइलची वायर त्यांच्यापासून वेगळी करून दोन्ही वायरी बाहेर काढायच्या. डबी गेली तर एक वायर काढून दुसरी जोडायची, मॅग्नेटला हात न लावता पंप पुन्हा पॉइंटवर चालू. ही सोय दिल्यावर मिस्त्री स्वतःहून डब्या मागायला लागले. परत पॉइंटवर जायची वेळ फार थोड्यांवर आली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. आमच्या गाळ्यात पाणी होतंच. पाणी ओसरल्यावर गाळानं भरलेली इंजिनं रांगेनं आली. पॉइंट गंजून चिकटलेले, कंडेन्सर गेलेले, कॉइली उन्हात वाळवाव्या लागल्या. डब्या धुतल्या, गंजलेले लग (वायरींच्या टोकाचे जोड) बदलले आणि बऱ्याचशा डब्यांनी तिथंच ठिणगी दिली. त्या महिन्यात मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले.

आज सोल्डरिंगला आयटीआय झालेल्या चार मुली आहेत, लेथ वडिलांचाच आहे. नवी इंजिनं कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेऊन येतात, त्यामुळे आमचं काम जुन्या इंजिनांचं. त्यात आता जुनी चेतक आणि साताऱ्यात बनलेली प्रिया जपणारी मंडळीही येतात. त्यांच्या कॉइलसाठी वेगळी डबी केली आहे.

डबी लावली की एवढं पाळा. इंजिन बंद करायच्या वायरीला बॅटरीचा करंट कधीही देऊ नका, डबी जळते. दोरी दमानं ओढली तर ठिणगी पडत नाही, झटक्यानं ओढा. आणि छाटणीच्या आधी येत असाल तर नुसती कॉइल आणू नका, मॅग्नेटही सोबत आणा. होकायंत्र लावल्याशिवाय आम्ही डबी देत नाही.