उसण भरली आणि कायरोप्रॅक्टरकडे गेले : माझा अनुभव

आम्ही इलिनॉयमधल्या मोलीनला राहतो. नवरा डियरच्या ट्रॅक्टर कंपनीत, पुण्याच्या मगरपट्ट्यातल्या ऑफिसातून इकडे आलेला. आमच्यासारखी बरीच मराठी घरं त्याच वाटेने इथे आली आहेत. मिसिसिपी ओलांडली की पलीकडे आयोवातलं डॅव्हनपोर्ट लागतं, आणि कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणके आणि सांधे हाताने दाबून, हलवून करायच्या उपचारपद्धतीचा जन्म याच गावातला. १८९५ च्या सप्टेंबरात डी. डी. पामर या, तोवर चुंबकीय उपचार करणाऱ्या माणसाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा पाठीतला मणका हाताने दाबून बसवला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आणलं, असा दावा केला. दोन वर्षांनी त्याने शाळा काढली. आज ती ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर कॉलेज म्हणून उभी आहे. त्यामुळे या भागात कायरोप्रॅक्टरची पाटी पावलोपावली दिसते आणि पाठ धरली की शेजारीपाजारी पहिलं नाव त्यांचंच घेतात. मणका बसवून बहिरेपण जातं यावर माझा विश्वास नाही. कंबर दाखवायला जाताना तो असायची गरजही नाही.

जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना माझ्या कंबरेत उसण भरली. ओला, जड बर्फ होता. फावडं भरून डावीकडे वळले आणि उजव्या बाजूला, कंबरेच्या खालच्या हाडाशी अशी कळ आली की श्वास अर्ध्यावर अडकला. रात्री कूस बदलता येईना. सकाळी मोजे घालायला मुलाला हाक मारावी लागली. आईचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, कुणी पायाळू आहे का बघ तिकडे. पाठीला पाय लावून घे, उतरेल." आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. त्यांच्याकडे लोक खरोखरच उसण उतरवून घ्यायला यायचे आणि त्या चहाचं आधण ठेवता ठेवता पाय लावून मोकळ्या व्हायच्या. इथे मी गरम पिशवीने शेकलं, घरातल्या घरात चालत राहिले आणि आधी फॅमिली डॉक्टरांकडे गेले.

ही पायरी कुणीही गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी विचारलेले प्रश्न महत्त्वाचे होते. लघवी-शौचावरचा ताबा गेलाय का? बसताना टेकतो त्या भागात, जांघेत बधिरपणा आहे का? पाय लुळा पडतोय का? ताप, कारण नसताना वजन कमी होणं, पूर्वी कॅन्सर, कुठे पडणं-झडणं? यातलं काही असेल तर कायरोप्रॅक्टर बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं, आणि लघवीचा ताबा किंवा तो बधिरपणा असेल तर त्याच रात्री, सकाळची वाट न बघता. माझ्या बाबतीत तसलं काही नव्हतं. त्यांनी एक्स-रेसुद्धा काढला नाही. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून कमी होते, तोवर शेक, मसाज, अॅक्युपंक्चर किंवा मणक्यांवर हाताने केलेले उपचार, यातलं जे जमेल ते करा, गोळ्या नंतर बघू, असं त्या म्हणाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेची २०१७ ची शिफारसही हीच आहे. म्हणजे कायरोप्रॅक्टरकडे जाणं हा डॉक्टरांनीच सांगितलेल्या मार्गांपैकी एक होता.

पहिल्या क्लिनिकचं नाव मी लिहिणार नाही. आत गेल्या गेल्या पूर्ण पाठीचे एक्स-रे काढले. मग स्क्रीनवर माझ्या मणक्यांवर लाल रेघा ओढून सांगितलं की मानेची कमान सपाट झाली आहे, आत्ता लक्ष दिलं नाही तर पुढे झीज वाढेल. मी कंबरेसाठी गेले होते. शेवटी टेबलावर कागद आला : आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने, सगळे पैसे आगाऊ, आणि आजच सही केली तर सूट. कंबरेला अजून कुणी हातही लावलेला नव्हता. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. पुढे कळलं की अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये सांगून ठेवलंय : धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत मणक्याचे फोटो काढू नयेत. त्यांच्या व्यवसायातलेच जाणते लोक हे सांगतात, हे मला फार मोलाचं वाटतं. घाबरवून पॅकेज विकणाऱ्यांमुळे चांगलं काम करणारेही बदनाम होतात.

दुसरं क्लिनिक नदीपलीकडे, एका मैत्रिणीने सुचवलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. त्यांनी पहिला अर्धा तास फक्त ऐकून घेण्यात आणि तपासण्यात घालवला. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. गुडघ्यावर आणि घोट्यामागे रबरी हातोडी मारून पाहिली. उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला आणि कळ पोटरीपर्यंत जाते का, हे विचारलं. गेली असती तर नस दबल्याची शंका येते. मग कंबरेचा एकेक सांधा अंगठ्याने दाबत गेल्या. उजव्या बाजूला एका जागी मी दचकले, तिथे त्या थांबल्या. "मणका सरकलाय का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. हाडं इतक्या सहज सरकत नाहीत. सांधा आखडलाय आणि भोवतीचे स्नायू त्याला सोडत नाहीयेत." एवढ्या एका उत्तराने माझी निम्मी भीती गेली.

इथल्या कायरोप्रॅक्टरांबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडच्या लोकांचा यात गोंधळ होतो. ते एमडी, म्हणजे नेहमीचे वैद्यकीय डॉक्टर, नसतात. पदवीनंतरचा त्यांचा वेगळा, काही वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत त्यांना परवाना घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्यांना औषधं लिहून देता येत नाहीत.

मग प्रत्यक्ष उपचार. मला डाव्या कुशीवर झोपवलं. वरचा पाय दुमडून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवलं, खालचा हात हळूच ओढून खांदा मागे वळवला. म्हणजे धड एकीकडे, कमरेखालचं अंग दुसरीकडे. त्यांनी माझ्या दुमडलेल्या पायाला स्वतःच्या मांडीचा टेकू दिला आणि तळहाताची कड बरोबर त्या दुखऱ्या जागी ठेवली. "श्वास घ्या. आता सोडा." श्वास संपता संपता एक छोटा, झपकन झटका. कटकट असे दोन-तीन आवाज झाले, डोक्याखालचा कागद चुरगळला आणि झालं. दुखलं नाही. खरा त्रास आधीच्या क्षणाचा होता, त्या वळवलेल्या अंगात स्वतःला सैल सोडायचं ते जमत नाही. मी दात आवळले की त्या थांबायच्या, मांडी हलकेच हलवायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या.

त्या आवाजाबद्दल सगळे विचारतात. हाड मोडत नाही आणि 'बसत'ही नाही. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणासारखा द्रव असतो. पृष्ठभाग झटकन दूर झाले की दाब कमी होऊन त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, आणि आवाज तेव्हाचा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट ओढून मोडताना एमआरआयमध्ये हे टिपलं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असं नाही. एकदा माझ्या कंबरेने आवाजच केला नाही, तरी उठताना मोकळं वाटलं. ज्यांना झटका नकोच असतो त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत. एका टेबलाचा भाग दाब दिल्यावर धाडकन थोडासा खाली जातो, एकात पाय बांधून कंबर हळूहळू ताणतात, आणि अॅक्टिव्हेटर म्हणून एक हातात मावणारं स्प्रिंगचं यंत्र आहे, त्याने नुसती टिचकी बसते.

पहिल्या दिवशी घरी आले ती खुशीत. दुसऱ्या दिवशी मात्र अख्खी कंबर ठणकत होती, नव्याने व्यायाम सुरू केल्यावर अंग आंबतं तशी. हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं : एक-दोन दिवस अंग दुखेल, थकवा येईल, क्वचित डोकंही दुखेल. तसंच झालं आणि उतरलं. पण पायात मुंग्या वाढल्या किंवा ताकद कमी वाटली तर ते 'अपेक्षित' म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच फोन करायचा, हेही बजावलं होतं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम टेबलावरून उतरल्यानंतरचं. हाताने मिळणारा आराम थोड्या वेळाचा आहे, त्या वेळात हालचाल सुरू करायची, हे त्या दर वेळी सांगत. रोज चालणं. ओणवं होऊन पाठ वर-खाली करणं, म्हणजे आपलं शाळेतलं मार्जारासन. उताणं झोपून कंबर उचलणं. ओणव्यानेच एक हात आणि विरुद्ध पाय लांबवून धरणं. मी नुसती झोपून उपचार घ्यायला गेले असते तर त्यांनी मला ठेवूनच घेतलं नसतं, असा त्यांचा खाक्या होता. आधी आठवड्यातून दोनदा बोलावलं, मग एकदा, आणि महिनाभरात फरक दिसला नाही तर मी तुम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवेन, असं पहिल्याच भेटीत सांगितलं. फरक दिसला. मार्च उजाडेपर्यंत मी खाली वाकून स्वतः बुटाची नाडी बांधत होते. साधी कंबरदुखी आपणहूनही उतरते हे माहीत असल्यामुळे सगळं श्रेय मी त्या झटक्यांना देत नाही. पण रात्रीची झोप मला लवकर परत मिळाली, आणि गोळ्यांची पाकिटं न संपवता.

पैशांचं : आमच्या विम्यात दर भेटीला ठरावीक कोपे, म्हणजे आपल्या खिशातून भरायची रक्कम होती आणि वर्षाला भेटींची मर्यादा. विमा कंपनीला फोन करून, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आधी भरावं लागतं का, डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत आहेत का, हे विचारून मगच वेळ घ्या. ज्यांचे आईवडील इथे मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर आहेत त्यांनी लक्षात ठेवा, मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला फक्त हाताने मणक्यांवर केलेल्या उपचाराचे पैसे देतं. त्यांनी काढायला लावलेले एक्स-रे किंवा मसाज त्यात धरत नाही.

मानेचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला. एप्रिलमध्ये मान आखडली म्हणून बाईंना सांगितलं. त्यांनी आधी एक कागद वाचायला दिला, आणि नुसता दिला नाही, समोर बसून समजावला. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. फार क्वचित त्यांच्या आतल्या थराला चीर पडते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. चीर मानेच्या झटक्याने पडते, की आधीच पडलेल्या चिरेमुळे मान दुखते म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलंय की हा धोका रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. कधी न झालेली अशी अचानक तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, तोल जाणं, असं काही असेल तर मानेला हात लावू द्यायचा नाही, थेट इमर्जन्सी. मी झटका नको म्हटलं. "तो तुमचा हक्कच आहे," असं म्हणून त्यांनी मान हळूहळू फिरवत, स्नायू दाबत काम केलं. कामाला पुरलं. ज्या कायरोप्रॅक्टरला 'मान नको' हे ऐकून घेता येत नाही, त्याच्याकडे मी कंबरही देणार नाही.

उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा चुलतभावाने मोबाइलवर एक रील दाखवलं. कुणीतरी टॉवेलने एका माणसाची मान खेचत होता आणि मोठ्ठा कडकड आवाज येत होता. "ताई, हेच ना तू केलंस? इथे पण एक जण करतो, जाऊ का?" मी त्याला अडवलं. अमेरिकेत पाटीमागे परवाना आणि राज्याचं मंडळ असतं. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी तसा वेगळा कायदेशीर परवाना नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. बाहेर रीतसर शिकून आलेलेही आहेत, पण ते त्यांच्या पदवीवरून ओळखायचे, रीलच्या आवाजावरून नाही. त्याच्या मानदुखीला मी फिजिओथेरपिस्ट सुचवला. त्यांची नोंदणी महाराष्ट्राच्या परिषदेकडे असते आणि हाताने सांधे मोकळे करणं त्यांनाही शिकवलेलं असतं. काकांना तर स्पष्टच सांगितलं. त्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांनी कुणाकडूनही पाठ मोडून घ्यायची नाही, हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीशवाल्याकडूनही नाही. काकांनी ऐकलं. चुलतभाऊ फिजिओकडे जातो आहे आणि ऑफिसातल्या लॅपटॉपखाली आता पुस्तकांची चळत ठेवतो.