दुसरं कडवं कुठे गेलं?

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो थेट जमिनीवर आपटावा, तसं माझं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा बघताना होतं. एखादी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्या आवडीचं जुनं इंग्रजी पॉप गाणं गात असते. पहिलं कडवं होतं, ध्रुवपद होतं. मी सोफ्यावर सावरून बसतो, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ तोंडात घोळवतो, ती बाहेर काढतो, आणि नेमकी तेव्हाच ड्रमवर धाडकन काठी पडते, पट्टी वर चढते आणि बाईसाहेब शेवटच्या ध्रुवपदात पोचलेल्या असतात. माझी ओळ खोलीत एकटीच लोंबकळत राहते.

"बाबा, तू चुकलास," मुलगी म्हणते.

मी चुकलेलो नसतो. त्यांनी अख्खं कडवं गाळलेलं असतं. पण टीव्हीशी कोण भांडणार?

या गाळण्यामागचा हिशेब साधा आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली 'पॉप आयडॉल' सुरू झालं, पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' आलं, आणि तिथून या स्पर्धांचा जो साचा पक्का झाला त्यात एका गाण्याच्या वाट्याला बऱ्याचदा जेमतेम दीड मिनिट येतं. बाकीचा वेळ लागतो कुठे? आधी स्पर्धकाची चित्रफीत. त्यात तो लहानपणीच्या फोटोत दिसणार, खिडकीबाहेर बघत चालणार, आजीचं नाव निघालं की डोळे पुसणार. मग गाणं. मग परीक्षक, आणि परीक्षकांची आपापसातली लुटुपुटूची भांडणं. मग मत देण्यासाठीचा फोन नंबर, तोही दोनदा. मग जाहिराती. घर सामानानं भरल्यावर उरलेल्या कोपऱ्यात तंबोरा उभा करावा, तसं गाणं या सगळ्यातून उरलेल्या जागेत उभं असतं.

चार-साडेचार मिनिटांचं गाणं दीड मिनिटात बसवणं हे मात्र येरागबाळ्याचं काम नाही. संगीत संयोजक ते एखाद्या शिंप्यासारखं करतात. पहिलं कडवं ठेवायचं, कारण त्यावरून गाणं ओळखू येतं. ध्रुवपद तर हवंच. तिथून उडी मारायची ती थेट शेवटाकडे, जिथे आवाज चढतो, हात वर जातो आणि टाळ्या पडतात. शिवण अशी बेमालूम घालायची की गाणं माहीत नसलेल्याला काही कापलं गेलंय याचा पत्ता लागू नये. माहीत असलेल्याचा पाय तेवढा आपटतो.

आणि कापलं जातं ते बहुतेक वेळा दुसरं कडवंच. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याची चाल पहिल्यासारखीच असते. त्यात गळ्याची करामत दाखवायला नवं काही नसतं, आणि मतं पडतात ती चढत्या सुरांना. पण मला विचाराल तर गाणं लिहिणाऱ्याचा कस दुसऱ्या कडव्यात लागतो. पहिल्या कडव्यात तो दारात उभा राहून नमस्कार-चमत्कार करतो, दुसऱ्यात आत येऊन बसतो आणि मग खरं काय ते बोलायला लागतो. स्पर्धेत सगळेच पाहुणे दारातून परत जातात.

काही गाण्यांचं तर यात फारच हसं होतं. 'जर्नी' या अमेरिकन बँडचं 'डोन्ट स्टॉप बिलीविन' हे १९८१चं गाणं घ्या. त्याची गंमत अशी की ज्या ओळीवरून त्याचं नाव पडलं, ते ध्रुवपद गाण्यात सव्वातीन मिनिटं उलटल्यावर कुठे येतं, आणि त्यानंतर मिनिटभरात गाणं मिटतं. आधीचा सगळा वेळ नुसती वाट बघणं. पियानोची तीच ती सुरावट, अनोळखी माणसं, रात्र, रस्ते. गाणं आहे आशेवर, आणि ते ऐकणाऱ्यालाही आशेवरच ठेवतं. आता हे दीड मिनिटात कसं करणार? वाट बघायला लावणारं गाणं, पण वाट बघायला वेळ नाही. तरी लोक ते गातात, आणि ध्रुवपद अर्ध्या मिनिटात हजर होतं.

अर्थात मी फार तावातावानं बोलायला लागलो की मुलगी फोन पुढे करते. ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर' या गाण्याच्या स्पर्धेत २००९ साली जो मॅकएल्डरी या मुलानं हेच गाणं गायलं. मूळ गाणं पहिल्या खेपेला ब्रिटनच्या यादीत ६२व्या क्रमांकाच्या वर सरकलं नव्हतं, ते आता जवळजवळ तीन दशकांनी पहिल्या दहात जाऊन बसलं. त्याच सुमारास एका टीव्ही मालिकेनंही त्याला हात दिला होता हे खरं, पण तुकडा ऐकून लोक अख्ख्या गाण्याकडे गेले हेही खरंच. म्हणजे तुकडा हा नमुना असतो, असं तिचं म्हणणं. मी गप्प बसतो, पण पटलंय असं दाखवत नाही.

कारण माझ्याकडेही एक हुकमाचं पान आहे. 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. स्पर्धांच्या मंचावर ज्या गाण्यानं सगळ्यात जास्त गळे दमवले असतील, त्यांत याचा नंबर वर असणार. सगळ्यांच्या कानात असते ती व्हिटनी ह्यूस्टन. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी तिनं ते गायलं आणि अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. सुरुवातीला साथीला एकही वाद्य नाही, आणि शेवटाकडे ती एक जीवघेणी शांतता, मग ड्रमचा एकच ठोका आणि वरच्या पट्टीत झेप. स्पर्धक येतात ते या ठोक्यासाठी. आपणही खरं तर त्याचसाठी बसलेलो असतो. सर्कशीत झुल्यावरून हात सोडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

पण हे गाणं मुळात अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं. तिनं ते १९७३ साली लिहिलं आणि रेकॉर्ड केलं, आणि लिहिलं कुणासाठी, तर पोर्टर वॅगनरसाठी. ज्याच्या टीव्ही कार्यक्रमातून ती पुढे आली, त्याची साथ सोडून स्वतंत्र वाट धरताना लिहिलेलं हे निरोपाचं गाणं. झेप नाही, किंकाळी नाही. शेवटचं कडवं तर ती गातच नाही, नुसतं बोलते, शेजारी बसून बोलल्यासारखं. त्यात ती ज्याला सोडून चाललीय त्या माणसाला शुभेच्छा देते.

पुढे १९७५ साली गायिका लिंडा रॉनस्टॅटनं हे गाणं गायलं तेव्हा नेमकं हे कडवं वगळलं. ह्यूस्टनच्या वेळी निर्माता डेव्हिड फॉस्टरनं आधार घेतला तो याच आवृत्तीचा, म्हणजे कडवं पुन्हा गायब. हे पार्टनला कळलं तेव्हा तिनं फॉस्टरला ते कडवं सांगितलं, कारण त्याशिवाय गाणं पुरं होत नाही असं तिला वाटत होतं. ते गाण्यात परत आलं. तो जगप्रसिद्ध ठोका पडतो ना, तो या परत आणलेल्या कडव्यानंतर. आधी शुभेच्छा, मग शांतता, मग ठोका. मधलं काढलं की उरतो तो नुसता दणका.

हे मी घरी निदान चार वेळा सांगितलंय. पाचव्यांदा सुरू केलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

परीक्षकांचं एक पेटंट वाक्य असतं: गाणं छान झालं, पण तू ते आपलंसं केलं नाहीस. हुबेहूब गायलं तर कॅरिओकी म्हणून हिणवायचं, फार बदललं तर मूळ चालीची आठवण काढून हळहळायचं. आणि हे सगळं दीड मिनिटात. माणसाला नवी चप्पल आपलीशी करायला आठवडा लागतो.

तरी कधीकधी जमतं, तेही कबूल करायला हवं. २००९ च्या अमेरिकन आयडॉलमध्ये अ‍ॅडम लॅम्बर्टनं 'मॅड वर्ल्ड' गायलं. 'टिअर्स फॉर फिअर्स' या ब्रिटिश बँडचं मूळ गाणं १९८२ चं, चांगलं धावतं. लॅम्बर्टनं ते गायक गॅरी ज्यूल्सच्या नंतरच्या संथ आवृत्तीच्या अंगानं घेतलं. निळसर उजेडात खुर्चीत बसून, जवळजवळ कुजबुजत. गंमत म्हणजे त्या रात्री कार्यक्रम ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला, परीक्षकांना बोलायला वेळच उरला नाही, आणि एरवी जिभेला धार लावून बसणारा परीक्षक सायमन कॉवेल नुसता उठून उभा राहिला. बोलणं कापलं आणि गाणं ठेवलं, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. मात्र घरी यंत्रावर वेळ लावून कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या कित्येकांची फीत नेमकी या गाण्याआधी किंवा मध्येच संपली. म्हणजे कात्री कुठून ना कुठून आलीच.

'हालेलुया' या गाण्याचा मुद्दा मात्र माझ्या सगळ्या तक्रारीला सुरुंग लावतो. गीतकार-गायक लिओनार्ड कोहेननं त्याची कडवी लिहिली ती डझनावारी. १९८४ साली त्यानं रेकॉर्ड केली ती त्यातली चार. पुढे जॉन केल या गायकाला ते गावंसं वाटलं तेव्हा कोहेननं त्याला फॅक्सनं पानंच्या पानं धाडली, आणि केलनं आपल्याला हवी ती कडवी उचलली. गायक जेफ बकलीनं १९९४ मध्ये तीच वाट धरली. २००८ साली अलेक्झांड्रा बर्क या गाण्यावर स्वार होऊन 'एक्स फॅक्टर' जिंकली आणि नाताळाच्या आठवड्यात ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर, बकली दुसऱ्या, आणि खुद्द कोहेन छत्तिसाव्या. या गाण्यातलं कुठलं कडवं दुसरं म्हणायचं? लिहिणाऱ्यानंच पिशवी उघडी ठेवलेली, ज्याला जे हवं ते न्यावं. इथे मी माझी ओळ घेऊन कुठे उभा राहणार?

तर लॅम्बर्ट. त्याच वर्षीच्या निवड फेरीत तो साथीशिवाय उभा राहिला आणि 'बोहीमियन ऱ्हॅप्सडी'चा एक तुकडा गायला. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं १९७५ चं हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, आणि त्याला ध्रुवपदच नाही. म्हणजे कापायला सोयच नाही. अंतिम फेरीत क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर मंचावर आले, आणि २०१२ पासून हाच मुलगा त्यांच्यासोबत दौरे करतो. परवा रात्री त्यातल्या एका मैफलीची चित्रफीत लावली. पहिलं कडवं झालं, पियानोच्या त्या ओळखीच्या सुरावटी आल्या, आणि मी सवयीनं दचकून थांबलो. पण पायरी होती. दुसरं कडवं सुरू झालं. पुढे क्वीनचा मूळ गायक, दिवंगत फ्रेडी मर्क्युरीही पडद्यावर आला. मी डोळे मिटून सगळं कडवं गायलो, एकही शब्द न चुकवता.

मुलगी दारात उभी होती.

"शब्द बरोबर आहेत बाबा," ती म्हणाली. "पण ते सूर कुठल्या गाण्याचे?"