आउटबोर्ड स्लोला थरथरतंय? आधी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढा

उजनी धरणाच्या पाण्यावरच्या बऱ्याच बोटींना अजून कार्बोरेटरचंच टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन असतं. त्याचं दुखणं सगळ्यांना पाठ आहे: जेट काढा, हवा मारा, बसवा. फ्युएल इंजेक्शनचं टू-स्ट्रोक मशीन समोर आलं की मात्र चाचपडणं सुरू होतं. स्लोला, म्हणजे रेस न देता, इंजिन गचके खातंय, गिअर टाकला की बंद पडतंय, पण रेस दिली की सुरळीत चालतंय, असं म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "कॉम्प्युटर गेला." कॉम्प्युटर फार क्वचित जातो. खराबी बहुतेक वेळा टाकी आणि इंजेक्टर यांच्या मधल्या नळीत, जाळीत नाहीतर पेट्रोलातच असते.

हे इंजेक्शनचं इंजिन बहुतांशी ६०० ते ७५० आरपीएमवर स्लो चालतं. त्या वेळी प्रत्येक सिलेंडरला मिळणारं पेट्रोल म्हणजे जेमतेम एक तुषार. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. अशा वेळी केसाएवढ्या फटीतून शिरलेली हवा किंवा पेट्रोलात आलेला पाण्याचा थेंब लगेच जाणवतो. ४,००० आरपीएमला हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर असतं, त्यामुळे तीच खराबी झाकली जाते. म्हणून "वर चांगलं पळतंय" यावरून इंजिन ठीक आहे असं समजू नका. करमाळ्याच्या बाजूला मे महिन्यात अचानक वावटळ उठते, तेव्हा धक्क्याजवळ स्लोला बंद पडणारी बोट वाऱ्याला आडवी होते. प्रवासी बसवायच्या आधी हे दुरुस्त झालंच पाहिजे.

पहिली गोष्ट, कान लावून ऐका. गचका ठरावीक तालात येतोय, म्हणजे प्रत्येक फेरीला एक ठोका गळतोय, तर एकच सिलेंडर काम करत नाही. आरपीएम झोक्यासारखा वर-खाली होतोय, मधेच पडतोय, मधेच सावरतोय, तर सगळ्यांना मिळणाऱ्या पेट्रोलात किंवा हवेत गडबड आहे. कानाचा भरवसा नसेल तर क्लिप लावायची टायमिंग लाइट घ्या आणि प्रत्येक प्लगच्या वायरवर लावून बघा. उजेड एकसारखा लुकलुकला की त्या सिलेंडरला ठिणगी मिळतेय. चालू इंजिनच्या प्लगच्या टोप्या उपटून बघायची जुनी सवय इथे सोडा. कॉइलला इजा होते, शिवाय एविन्रूड ई-टेकसारख्या मशीनच्या इंजेक्टरला ५५ व्होल्ट जातात, तो झटका साधा नसतो.

ताल नसलेला गचका असेल तर टाकीपासून सुरुवात करा. सोलापूर जिल्ह्यात ऊस, साखर कारखाने आणि इथेनॉल यांची ओळख कुणाला करून द्यायला नको. तेच इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि या आउटबोर्डच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. त्रास दोन बाजूंनी होतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढंच पेट्रोल फवारलं तरी मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डना धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर नसतो, म्हणजे मिश्रण पातळ झालं हे मशीनला कळतच नाही आणि ते स्लोला शिंकल्यासारखं करतं. दुसरं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बोट काठावर महिनोन्महिने पडून राहते, टाकी अर्धी रिकामी असते, आणि थंडीतल्या पहाटे पक्षी बघणाऱ्यांची फेरी निघायच्या वेळी पेट्रोल गार झालेलं असतं. गार पेट्रोलाची पाणी सामावून घ्यायची ताकद कमी होते, मग पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते.

तपासायला काचेची पारदर्शक बाटली पुरते. पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरच्या वाटीतलं आणि टाकीच्या तळातलं पेट्रोल त्यात घ्या, पंधरा मिनिटं हलवू नका, मग उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा मण्यासारखे थेंब दिसले तर ते पेट्रोल इंजिनसाठी बाद. वर नवं पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची. पेट्रोलात इथेनॉल किती आहे तेही घरीच कळतं. १०० मिली पेट्रोल मोजपात्रात घ्या, त्यात १० मिली पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर २० मिली झाला तर इथेनॉल सुमारे १० टक्के, ३० मिली झाला तर सुमारे २० टक्के. हे काम उघड्यावर, आगीपासून लांब करा, आणि तपासलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

बाटली स्वच्छ निघाली तर रबरी फुगा तपासा, म्हणजे टाकी आणि इंजिनच्या मधला हाताने दाबायचा बल्ब. इंजिन स्लोला थरथरत असताना कुणाला तरी तो हळूहळू दाबायला लावा. त्यावरचा बाण इंजिनाकडे असावा आणि दाबताना बल्ब उभा धरावा, नाहीतर आतले झडपेचे गोळे नीट बसत नाहीत. दाबल्याबरोबर इंजिन सुधारलं तर टाकीकडून पेट्रोल कमी येतंय किंवा पंप ओढत नाहीये. मग टाकीच्या झाकणातली हवेची चकती उघडी आहे का बघा. ती बंद राहिली की टाकीत पोकळी तयार होते आणि बल्ब चपटा पडतो. चकती उघडी आहे, तरीही दाबायचं थांबवल्यावर लगेच बिघडतं, तर नळीतून हवा शिरत असू शकते. इंजिनच्या अलीकडे हातभर पारदर्शक पेट्रोल-नळी जोडा आणि पाच मिनिटं बघत बसा. बुडबुडे दिसतात तेव्हा नळीच्या टोकाची कनेक्टरमधली ओ-रिंग, क्लॅम्प आणि जुनी नळी हेच गुन्हेगार असतात. इथेनॉलने आतून फुगलेली नळी बाहेरून नवी दिसते, दाबून बघा. उन्हात बसलेली काळी नळी तर जास्त लवकर जाते. नवी नळी इथेनॉल सोसणारी घ्या. फिल्टर १० मायक्रॉनचा असावा आणि दर मोसमाला बदलावा.

सोलापूरच्या उन्हाची एक खास खोड आहे. इंजिन तासभर चालवून बंद केलं, झाकण बंद आहे, वर ऊन तापतंय. आतली उष्णता इंजिनवरच्या, पेट्रोलातली वाफ वेगळी करणाऱ्या छोट्या टाकीत शिरते आणि पेट्रोलाचे बुडबुडे होतात. दहा मिनिटांनी सुरू केलं की स्लोला थरथरतं आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं. हे दुखणं समजून घ्या आणि इंजेक्टर उघडू नका. मात्र ते वारंवार होत असेल तर त्या टाकीतली तरंगती झडप, बारीक जाळी आणि वाफ सोडणारी नळी साफ करा.

पेट्रोलाचा दाब मोजायला गेज लागतंच. आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या, अंदाजाने नाही. मर्क्युरी ऑप्टिमॅक्समध्ये पेट्रोलाबरोबर दाबाची हवाही इंजेक्ट होते. तिथे दोन्ही रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल आणि हवा पोचवणाऱ्या नळ्यांवर, गेज लावून फरक बघावा लागतो, पेट्रोलाचा दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे १० पीएसआय जास्त असला पाहिजे. फरक बिघडला की ते मशीन सगळ्यात आधी स्लोलाच रुसतं. त्याच्या हवेच्या कॉम्प्रेसरचा छोटा फिल्टर विसरला जातो, तो बघा.

आता ठरावीक ताल असलेला गचका, म्हणजे एका सिलेंडरचं काम. प्लग काढा आणि क्रमाने, कुठल्या सिलेंडरचा कुठला तसे फडक्यावर मांडा. इथे प्लगच खरं बोलतो. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल आलं पण जळलं नाही. पांढरट, कोरडा म्हणजे पेट्रोल कमी. बाकीच्यांवर तेलाची तपकिरी झाक असताना एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख दिसला तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरत असण्याची शक्यता धरा, आणि इंजिन सुरूच करू नका. आता तो प्लग शेजारच्या सिलेंडरला लावा. गचका तिकडे गेला तर दोषी प्लग. नाही गेला तर कॉइल बदलून बघा. ई-टेकमध्ये ही अदलाबदल इंजेक्टरची करू नका. प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा नोंदलेला डेटा मशीनच्या मेंदूत भरलेला असतो, जागा बदलली की सॉफ्टवेअरने तो डेटाही बदलावा लागतो. हे न करता इंजेक्टर हलवले की एकाचं दुखणं दोघांना होतं.

ई-टेकच्या प्लगची आणखी एक बारीक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. स्लोला पेट्रोल पूर्ण सिलेंडरभर पसरत नाही, फवारा थेट प्लगजवळ जातो. त्यामुळे प्लगच्या गॅपची उघडी बाजू इंजेक्टरकडे तोंड करून असावी लागते. प्लगच्या पांढऱ्या भागावर आधीच मार्करने रेघ मारा, बसवल्यावर रेघ कुठे आली ते बघा. गॅप ०.७१ मिमी. तो प्लगच्या डब्यातून काढल्यावरही फीलर गेजने तपासा. एविन्रूड आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे प्लग घेताना योग्य नंबरचे दोन संच घेऊन ठेवा. यामाहाच्या ओएक्स ६६ मध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो काजळीने भरला तर मिश्रण घट्ट होतं आणि प्लग काळे पडतात. तिथे प्लगऐवजी आधी तो सेन्सर बघावा.

प्लग, कॉइल ठीक, तरी एकच सिलेंडर ठोका चुकवतंय? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेजने मोजा. सगळे प्लग काढून वायर अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, आणि प्रत्येक सिलेंडरला तेवढ्याच फेऱ्या द्या. आकडे एकमेकांपासून १० टक्क्यांच्या आत हवेत. एक कमी आला तर रिंग कार्बनने चिकटलेल्या असू शकतात. आकडे ठीक असतील तर रीडची पानं, म्हणजे हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ झडपा बघा. टू-स्ट्रोकमध्ये खालची क्रँककेस पंपासारखी काम करते. एका पानाचा टवका उडाला, तर हवा उलटी बाहेर फेकली जाते आणि स्लोला तो सिलेंडर उपाशी राहतो. तेल साचू नये म्हणून क्रँककेसमधून फिरणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यातली एखादी फाटली किंवा तिची चेक झडप चिकटली, तर अगदी असंच होतं. या नळ्या कधी कुणी बघत नाही. त्या एकेक करून वाकवून तपासा, तडा वाकवल्यावरच दिसतो.

इनटेकच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडून बघितलं तरी हवा कुठे शिरते ते कळतं: आरपीएम बदलला की तिथेच फट.

विजेचं थोडक्यात. इंजिन बंद असताना बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना १३.५ च्या वर. स्टार्टर फिरताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थचे टोक घासा. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्ट हळूहळू उघडताना सलग चढला पाहिजे, मधे उडी नको. थर्मोस्टॅट गाळामुळे उघडा अडकला तर इंजिन थंडच राहतं आणि मशीन थंड इंजिनाचं, जास्त पेट्रोलाचं मिश्रण देत राहतं. पाणवनस्पती आणि गाळाच्या पाण्यात हे नेहमीचं आहे.

तपासणी टबमध्ये करताना आधी पंखा काढा, किल स्विचची दोरी हाताला बांधा आणि पाण्याशिवाय एक क्षणही चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. पण शेवटचा निकाल टबमध्ये ठरवू नका. टबातलं पाणी धुराने फेसाळतं आणि इंजिन स्वतःचाच धूर ओढतं. पंखा बसवून धरणाच्या पाण्यात, बोट बांधून, गिअरमध्ये दहा मिनिटं स्लो चालवून बघा.

तेलाच्या टाकीत फक्त टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं तेल ओता. दुचाकीचं २टी तेल स्वस्त पडतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्याची राख प्लगवर आणि रिंगवर बसते, आणि वर सांगितलेली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

धरण मृतसाठ्यात जाऊन बोट काठावर लागायच्या आधी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालून इंजिन पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे ते पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं. नंतर सुटी टाकी रिकामी करा, नळी काढून ठेवा, आणि पहिल्या पावसानंतर नव्या पेट्रोलासोबत फिल्टरही नवा बसवा.