आईसपॅकला घाम फुटेपर्यंत

लसी थंड ठेवून न्यायच्या डब्याचं, म्हणजे कॅरियरचं, झाकण उघडलं आणि चारही आईसपॅक कोरडे ठणठणीत. अंगावर पिठासारखा पांढरा थर, बोट लावलं की चिकटणारा. एक पॅक काढून कानाशी हलवला. पाण्याचा आवाज नाही. डिसेंबरची सकाळ, नाशिक जिल्ह्यातल्या एका गावची अंगणवाडी, घड्याळात सव्वानऊ, आणि व्हरांड्यात बाळांना टोपडी घालून बसलेल्या अकरा आया.

बरोबर एएनएमच्या दुसऱ्या वर्षाच्या माझ्या चार विद्यार्थिनी होत्या. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचं शिक्षण: बारावीनंतर दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. शिकून झाल्यावर एएनएम उपकेंद्रात एकटी असते. चुकलं तर शेजारच्या टेबलावरून कुणी टोकणार नसतं. लॉगबुकात लसीकरणाच्या सह्या भरायला मुली उत्सुक असतात, आणि उत्सुकता सगळी सुईची असते. बाळाच्या मांडीत पहिल्यांदा सुई घातली की ती मुलगी आठवडाभर तेच सांगत असते. आईसपॅक कसा भरला, किती वाजता बाहेर काढला हे सांगायला कुणी येत नाही.

त्या दिवशी कॅरियर भरायचं काम त्यांच्यातल्या एकीकडे होतं. तिला विचारलं, "पॅक किती वाजता काढलेस?"

"सात वाजता, मॅडम. गाडी उभी होती."

"आणि कॅरियर किती वाजता भरलास?"

"लगेच."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की लस जितकी थंड तितकी चांगली. लसीला हवं असतं अधिक 2 ते अधिक 8 अंश. आईसपॅक मात्र डीप फ्रीजरमधून येतो, उणे 15 ते उणे 25 अंशांतून. तो तसाच कॅरियरमध्ये ठेवला तर पहिले काही तास कॅरियरच्या आतली हवा शून्याखाली जाते आणि पॅकला टेकलेली व्हायल, म्हणजे लसीची कुपी, गोठते. म्हणून पॅक आधी बाहेर टेबलावर सुटे मांडून ठेवायचे, एकमेकांना न चिकटवता, चहूबाजूंनी हवा लागेल असे. बाहेरून पाण्याचे थेंब सुटले आणि कानाशी हलवल्यावर आत बर्फाभोवती पाणी खळखळलं की पॅक तयार. याला आम्ही कंडिशनिंग म्हणतो, मुलींना सांगताना "घाम फुटू दे" म्हणतो. उन्हाळ्यात हे भराभर होतं. डिसेंबरच्या सकाळी खोलीच एवढी गार असते की पॅकला दीड तासही लागतो. गाडी सातला निघायची तर पॅक साडेपाचला बाहेर यायला हवेत, आणि त्यासाठी कुणीतरी साडेपाचला उठून डीप फ्रीजर उघडायला हवा. खरी अडचण तिथेच आहे. ती विद्यार्थिनीची नाही, पण भोगावी तिला लागते.

पॅक भरण्यातही खुबी असते. पाणी खुणेपर्यंतच, वर मोकळी जागा ठेवून. काठोकाठ भरलं तर गोठताना फुगून झाकण सुटतं. पाण्यात मीठ घालायचं नाही. खारं पाणी शून्याखाली जाऊनही द्रव राहतं, म्हणजे खळखळ ऐकून पॅक तयार वाटतो आणि असतो मात्र शून्याच्या खालीच.

व्हायली झिपच्या पिशवीत मधोमध होत्या, हे तिने बरोबर केलं होतं. पण पिशवी एका बाजूला घसरून पॅकला टेकली होती. पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरची एकत्र लस) दोन व्हायली, पीसीव्ही (न्यूमोनियावरची), आयपीव्ही (पोलिओची टोचायची लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), आणि खाली एमआर (गोवर-रुबेला), तिचं डायल्युएंट (पावडरीत मिसळायचं द्रावण), पोलिओचे थेंब, रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची). पेंटाची एक व्हायल खिडकीच्या उजेडात तिरकी केली. आत बर्फ नव्हता. द्रव नेहमीसारखा पांढुरका दिसत होता, पण काचेवरून ओघळताना मागे बारीक कणांची रेष सोडत होता, फाटायला आलेल्या दुधासारखी.

मुलगी म्हणाली, "पण मॅडम, व्हीव्हीएम चांगला आहे."

बरोबर होतं. व्हीव्हीएम म्हणजे लेबलवरची खूण; तिच्यात आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका होता, म्हणजे पुस्तकाप्रमाणे लस वापरण्याजोगी. पण व्हीव्हीएम मोजतो ती फक्त उष्णता, आणि ती किती वेळ लागली ते. गारठा तो मोजत नाही. उलट व्हायल जितकी थंडीत राहिली तितका तो छान फिका राहतो. गोठलेल्या लसीवरचा व्हीव्हीएम सगळ्यांत देखणा असतो. मुली हे वाचून येतात, पेपरात लिहितातही, आणि व्हायल हातात आली की आधी चौकोन बघून निर्धास्त होतात.

लसींना थंडी सारखी बाधत नाही. पोलिओच्या थेंबांना गोठण्याचं वावडं नाही. ते वरच्या साठ्यांत गोठवूनच ठेवतात. एमआर आणि बीसीजी कोरड्या पावडरी, त्यांनाही भीती नाही. त्यांचं डायल्युएंट गोठलं तर काच तडकते, तेवढं तपासायचं. मरतात त्या अॅल्युमिनियमवर बसवलेल्या लसी: पेंटा, हेपटायटिस बी, डीपीटी, टीडी, पीसीव्ही. गोठताना अॅल्युमिनियमचं जाळं मोडतं, कण एकमेकांना चिकटून जड होतात, आणि विरघळल्यावर पुन्हा पूर्वीसारखे पसरत नाहीत. आयपीव्हीलाही गोठणं चालत नाही, पण ती काचेसारखी स्वच्छ असते, अॅल्युमिनियम नसल्यामुळे तिच्यात गाळ दिसणारच नाही. म्हणून तिच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, संशय आला की बाजूला.

गोठलेली पेंटा दिली म्हणून बाळ त्या दिवशी आजारी पडत नाही. मांडीला सूज थोडी जास्त येईल, एखाद्याला गाठ होईल, बस. कार्डावर तारीख पडते, आई समाधानाने घरी जाते, आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्याविरुद्ध त्या बाळाच्या अंगात काय तयार झालं ते कुणालाच कळत नाही.

सत्र थांबवलं. आशाताईंनी व्हरांड्यात जाऊन सांगितलं, "दुसरा डबा येतोय, तासभर बसा, कुणी घरी जाऊ नका," आणि दोघीतिघींना उठलेलं परत बसवलं. आशाताई नसतील तर अशा वेळी निम्म्या आया निघून जातात. शेतात कांद्याची लागवड चालू होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन केला. संशयित व्हायली वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी: "वापरू नये", बॅच नंबर, वेळ. त्या तासात मुलींकडून वजनं करून घेतली, कार्डं तपासून कोणत्या बाळाला काय बाकी आहे याची यादी काढली. अकरात पाच बाळं दीड महिन्याची, दोन साडेतीन महिन्यांची, तीन नऊ महिन्यांची आणि एक दीड वर्षाचं.

दुसरा कॅरियर पावणेअकराला आला. या वेळचे पॅक घामेजलेले. पुढचं काम नेहमीचं, तरी दोन जागी मुली अडखळल्याच.

पहिली जागा एडी सिरिंजची. 0.5 मिलीची ही सिरिंज एकदाच वापरता येते; दट्ट्या एकदा ढकलला की पुन्हा मागे येत नाही. रुग्णालयात साध्या सिरिंजने शिकलेली मुलगी सवयीने आधी हवा ओढते आणि ती व्हायलमध्ये सोडते. एडीत तसं केलं की सिरिंज तिथेच संपली. एकीची गेली. सुई व्हायलमध्ये घालायची आणि मगच दट्ट्या ओढायचा, सरळ 0.5 च्या थोडं पुढे, मग बुडबुडा काढून खुणेवर.

दुसरी जागा टेबलावरची. मिसळलेली एमआरची व्हायल आईसपॅकच्या खळग्यात ठेवायची असते, तिच्यावर उघडल्याची वेळ लिहून. चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा फेकायची. एकीने नीटनेटकेपणाने पेंटाही तिच्या शेजारी बर्फावर नेऊन ठेवली. सकाळी ज्यासाठी सत्र बंद पडलं तेच, दोन तासांच्या आत. काही न बोलता व्हायल उचलून तिच्या हातात दिली, तशी तिची तीच ओशाळली. पेंटा उघडल्यावर अटी पाळल्या तर 28 दिवस चालते, एमआर चार तास. त्यामुळे दोघींची जागा वेगळी आणि शिस्तही वेगळी.

दीड महिन्याच्या बाळाला आधी तोंडातून द्यायचं ते: रोटा, मग पोलिओचे दोन थेंब. रडू लागल्यावर तोंडातलं बाहेर येतं. मग उजव्या दंडावर आयपीव्ही 0.1 मिली कातडीच्या थरात. संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत फुगी आली तर बरोबर, फुगी आली नाही तर सुई खोल गेली. डाव्या मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, दोन्ही 0.5 मिली, सुई सरळ 90 अंशांत. टोचलेली जागा चोळायची नाही. सुई हब कटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात), उरलेली सिरिंज लाल पिशवीत. प्रत्येक व्हायल तीनदा वाचायची: काढताना, भरताना, टोचण्याआधी. 2021 च्या जानेवारीअखेर यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या मोहिमेत बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, मुलं वाचली. ती बातमी मी मुलींच्या दर तुकडीला सांगते, आणि लसीच्या टेबलावर लस आणि सिरिंजशिवाय काही ठेवू देत नाही. सॅनिटायझर खिडकीत.

शेवटच्या बाळाची टोचल्यानंतरची अर्ध्या तासाची वाट संपली तेव्हा दीड वाजला होता.

केंद्रात परतल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं, नक्की गोठली होती का? प्रश्न रास्त होता. दोन व्हायली म्हणजे वीस डोस. मग शेक टेस्ट, म्हणजे व्हायल हलवून बघायची चाचणी, करायची ठरली, आणि ती मुलींसमोर. दोन संशयित व्हायलींतल्या एकीवर "गोठवलेली" असं लिहून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली. तुलनेसाठी त्याच कंपनीची, त्याच बॅचची व्हायल लागते, नाहीतर टेस्टला अर्थ नाही. इथे दोन्ही एकाच बॅचच्या होत्या म्हणून चांगली व्हायल नासवावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गोठवलेली व्हायल बाहेर काढून आपोआप वितळू दिली. गरम पाण्यात घालायची नाही. आयएलआरमधून, म्हणजे केंद्रातल्या लसींच्या फ्रीजमधून, त्याच बॅचची एक धड व्हायलही आणली; टेस्टला ती लागत नाही, मुलींना दिसावी म्हणून. तिन्ही एका मुठीत धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवल्या आणि सपाट टेबलावर ओळीने ठेवल्या. हात लावायचा नाही, टेबलालाही धक्का नको. सुरुवातीला तिघी सारख्याच, दुधाळ. थोड्याच वेळात गोठवलेलीच्या वरच्या कडेला पाण्यासारखी पातळ पट्टी दिसू लागली. मग तशीच पट्टी दुसरीत. पट्टी खाली खाली सरकत गेली आणि तळाशी चुन्याच्या निवळीखाली बसतो तसा गाळ साचला. आयएलआरमधली तिसरी अजून धुक्यासारखी. अर्धा तास बघायचं असतं. आम्हाला तेवढा लागला नाही. संशयित व्हायल गोठवलेलीच्या बरोबरीने किंवा तिच्याआधी बसली तर ती बाद.

कॅरियर भरलेली मुलगी टेबलाच्या उंचीला डोळे आणून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, मागच्या सत्रालाही गाडी लवकरच आली होती."

मागच्या सत्राला आम्ही नव्हतो. शीतसाखळी सांभाळणाऱ्या भाऊंनी वही उघडली. त्या दिवशी पेंटाची एक व्हायल गेली होती, दहाचे दहा डोस वापरून रिकामी झालेली, आणि 48 तास ठेवून नियमाप्रमाणे टाकून दिलेली. हलवून बघायला काही उरलं नव्हतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या सत्राची यादी मागवली आणि पेंटासमोर खूण असलेली दहा नावं एका कोऱ्या कागदावर उतरवायला घेतली.