तुम्ही विचारलंत म्हणून: खड्डा उपसणार कोण?

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो आणि नोकरीची बरीच वर्षे शौचालयांच्या कामात गेली, हे कळले की लोक हमखास विचारतात: अनुदान दिले, दंडही केला, तरी उघड्यावर शौचाला जायची सवय बदलत नसेल तर सरकारने करायचे तरी काय?

सवय का सुटत नाही हे आधी त्या घरात बसून ऐकावे, असे मला वाटते. एका घरी अनुदानातून बांधलेल्या शौचालयाचे दार उघडले, तर आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि घरातले आजोबा टमरेल घेऊन ओढ्याकडे निघाले होते. मी कारण विचारताच त्यांनीच मला विचारले, "साहेब, खड्डा भरला तर उपसणार कोण?" हा प्रश्न आळसाचा नव्हता. मैला उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींवर लादले गेले, त्यांच्याकडून ते करून घेणे 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी गुन्हा ठरवले होते, हे योग्यच होते. पण स्वतः त्याला हात लावायची कल्पनाही आजोबांना सहन होत नव्हती.

उघड्यावर जाणाऱ्यांना अडवणारी आमची गुडमॉर्निंग पथके पहाटे पाचला शिट्ट्या वाजवत फिरत, तेव्हा लोक चारला उठून जात. बायाबापड्यांना असे अडवणे मला तेव्हाही खटकत असे. त्यामानाने 2000-01 मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने अधिक साधले, कारण त्यात गावागावांत चुरस लागली आणि काम सरकारचे न राहता गावाचे झाले.

मात्र आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर चुरशीतही नव्हते. ते दोन शोषखड्ड्यांत होते. एक भरला की चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा, एवढीच ती रीत. पण तिच्यावर कागद वाचून कोण विश्वास ठेवणार? म्हणून शेजारच्या गावातला बंद खड्डा आम्ही सर्वांसमोर उघडला, तर आत चहाच्या भुकटीसारखे काळे, कोरडे, वास नसलेले खत होते. सरपंचबाईंनी ते ओंजळीत घेऊन आजोबांपुढे धरले. त्यांनी आधी दुरूनच हुंगले, मग चिमूटभर बोटांत चोळून पाहिले.

पुढल्या खेपेस गेलो तेव्हा गोवऱ्या पडवीत आल्या होत्या आणि आजोबा गवंड्याशी दुसऱ्या खड्ड्याच्या विटांवरून घासाघीस करत होते.